येते म्हणाली

बाइंडरीणबाईंच्या पायांना त्या आठवड्यात जी भिंगरी लागली, ती उभ्या जन्मात लागली नव्हती. परदेशात राहणाऱ्या लेकीने खास आईसाठी रजा काढली होती आणि त्या शहरात बघण्यासारखं जे जे होतं ते दाखवायचा चंग बांधला होता. किल्ला झाला, उंच मनोरा झाला, बोटीतून नदी झाली, जुना बाजार झाला. बाई साडीवर लेकीचे पांढरे बूट चढवून मागून धापा टाकत चालायच्या. कुठे जरा टेकल्या की लेक म्हणायची, "चल आई, पुढचं बंद होईल."

बाईंना खरं तर काहीही बघायचं नव्हतं. त्या सातासमुद्रापलीकडे आल्या होत्या एक वाक्य बोलायला. तुझे बाबा आता फार दिवसांचे सोबती नाहीत, एकदा येऊन जा. विमानात त्यांनी ते मनातल्या मनात चांगलं घोटून ठेवलं होतं. पण लेक हुशार. आयुष्यात शेजारच्या गावाला न गेलेली आई एकाएकी जग बघायला निघाली, यात काहीतरी काळंबेरं आहे हे तिने ओळखलंच असणार. म्हणून तर ती बोलायला उसंत देत नव्हती. तिच्या एवढ्याशा खोलीत सोफा उलगडला की त्याचा पलंग व्हायचा आणि दारापर्यंत जायला वाट उरायची नाही. तिथेही ती दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून मोकळी.

बाप-लेकीचं बिनसलं ते तिच्या लग्नावरून. जन्मभर लोकांची पुस्तकं बांधणाऱ्या त्या हट्टी माणसाने दारात उभं राहून सांगितलं होतं, "मी मेलो तरी येऊ नकोस." पुढे ते लग्न टिकलं नाही. लेक एकटीच परदेशात नोकरीला लागली, एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खात्यावर. ते वाक्य मात्र टिकलं. बोललेलं परत घेता येतं, हे दोघांपैकी एकालाही कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार कोण? बाई स्वतःच मधल्या मध्ये दोघांकडे बघून मान डोलावत बसलेल्या.

निघायच्या आदल्या दिवशी संग्रहालय आलं. मुकुट, तलवारी, ओळीने मांडलेले दगडी पुतळे. "ह्या सगळ्यांचीच नाकं कशी गं कापली गेली?" बाई म्हणाल्या आणि लेक आठवड्यात पहिल्यांदा खळखळून हसली. मग एका काचेच्या पेटीत एक जाडजूड जुनं पुस्तक दिसलं. बाईंनी सवयीने वाकून शिलाई बघितली. नवऱ्याच्या दुकानात त्यांनी वर्षानुवर्षं छापील कागदांच्या घड्या घातल्या होत्या, दाभणाने पानं शिवली होती. लेकही शेजारी वाकली.

"खळ कमी पडलीय. पुठ्ठा सुटायला लागलाय बघ," ती म्हणाली. आवाज हुबेहूब बापाचा, नाक मुरडणंही त्याचंच.

बाईंचा धीर चेपला. पेटीवर हात ठेवून त्यांनी तिथेच सगळं सांगून टाकलं. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकले ते, आता घरीच ठेवा म्हणाले ते. मध्येच रखवालदार येऊन काचेवरून हात काढायची खूण करून गेला.

लेक पुस्तकाकडेच बघत होती. "त्यांनी बोलावलंय का मला?"

"अगं, त्यांचा स्वभाव तुला..."

"तोंडाने म्हणाले का, तिला बोलव म्हणून?"

खोटं बोलायचं ते इथेच, हे बाईंना कळत होतं. पण खोटं बोलायलाही सवय लागते. "तोंडाने नाही गं," त्या म्हणाल्या.

"येऊ नकोस हे तोंडाने सांगितलं होतं, आई. मग ये हेही तोंडानेच सांगू देत."

संध्याकाळी लेक खाली दुकानात गेली तेव्हा बाईंनी घरी फोन लावला. देखभालीला थांबलेल्या धाकट्या दिरांनी तो बाइंडरांच्या कानाला धरला.

"अहो, एकच शब्द बोला. नुसतं ये म्हणा तिला. आत्ता वर येईल ती."

बराच वेळ खोकला ऐकू आला. "यायचं असेल तर येईल. मी काय आमंत्रणपत्रिका छापू?"

"मेला कसला हा ताठा!" बाई ओरडल्या. लग्नापासून पहिल्यांदाच नवऱ्यावर ओरडल्या आणि तेही काही उपयोग नसताना.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यांनी लेकीचे दोन्ही हात धरले. "नंतर हळहळशील गं."

"हळहळेन. माहीत आहे मला." तिचे डोळे भरले होते, पण हट्ट बापाकडून आलेला, तो काही डोळ्यांतल्या पाण्याने विरघळणारा नव्हता. तिला कामावर हजर व्हायचं होतं. तिने आईला घट्ट मिठी मारली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "चल, येते मी."

आणि गेली. निघताना आपल्यात 'जाते' कुणी म्हणत नाही. कायमचा जाणारासुद्धा 'येतो'च म्हणतो. ती येणार नाही, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आत बाकावर बसून त्यांनी घरी फोन केला, विमान वेळेवर आहे एवढंच सांगायला. फोन या वेळी बाइंडरांनी स्वतः घेतला.

"निघताना काय म्हणाली?" लेकीविषयी इतक्या वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"येते म्हणाली," बाई बोलून गेल्या.

 पलीकडे त्यांनी भावाला मारलेली हाक ऐकू आली. "अरे, आतल्या खोलीतले कागदांचे गठ्ठे हलव. खाट मोकळी कर तिची. येते म्हणालीय." कूस बदलायलाही आधार लागणाऱ्या माणसाचा आवाज भर दुकानात असल्यासारखा चढला होता.

बाई बाकावरून उठून उभ्याच राहिल्या. "अहो, ऐका. तुम्ही एकदा फोन करा तिला. ये म्हणा."

"आता कशाला? येते म्हणाली ना?"

"तरीपण म्हणा हो. मी पाया पडते तुमच्या."

"उगाच रडू नकोस. आली की बोलेन सगळं." मग ते जरा घुटमळले. "आणि हे बघ, मी झोपलेलो असलो, तर उठव मला."

"उठवते," बाई म्हणाल्या.