गळतीचा संशय: एका छतपंख्याची हकीगत

तारीख सतरा, गुरुवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ: गावाबाहेरील रस्त्यालगतची वाहनदुरुस्तीची शेड, दरवाज्यापासून दुसरी जागा. मित्रांनो, मी एक जुना छतपंखा आहे, आणि वरील दिवशी, वरील वेळी माझी चौकशी झाली. आरोप एकच होता: मी गळतो. शिक्षाही आधीच ठरून आली होती. मला छतातून काढायचे आणि माझ्या जागी पत्र्याचे ठिगळ मारायचे. प्रकरण तिथवर कसे पोहोचले, हे क्रमानेच सांगितले पाहिजे. कारण अर्धी हकीगत ऐकून पुरे मत बनवण्याच्या सवयीनेच माझ्यावर ही वेळ आणली होती.

माझे मालक जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना मोजणीदार म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मालवाहू गाडी घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे फिरते घर बनवले: आत पलंग, शेगडी, दोन खिडक्या. फक्त छताला पंखा नव्हता. त्यासाठी ते पत्नी आणि धाकट्या मेव्हण्यासह दुकानात आले. हा मेव्हणा वायरमन होता.

त्या एका खरेदीसाठी ते तीनदा आले. दुकानदार जे जे सांगे, त्याची मोजणीदार उलटतपासणी करत.

"हा हवा आत घेतो आणि बाहेरही टाकतो," दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"दोन्ही करतो म्हणजे एकही धड करत नसणार."

"मग हा घ्या. पाऊस आला की याचं झाकण आपोआप मिटतं."

"आणि पाऊस नसताना मिटलं, तर तक्रार कोणाकडे करायची?"

शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, पंखा घ्यायचाय, जावई नाही."

त्यांनी मला निवडले ते माझ्या झाकणाला हाताने फिरवायची किल्ली आहे म्हणून. जे आपल्या हाताने मिटते तेवढेच मिटले असे मानायचे, हे त्यांचे तत्त्व. निवड झाल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करतो. पण ज्या नजरेने त्यांनी माझी पावती तीनदा उलटीसुलटी करून पाहिली, त्या नजरेने मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

मला बसवण्याचे काम मेव्हण्याने केले. पत्नीला मी शेगडीवर हवा होतो, मोजणीदारांना पलंगावर. मेव्हण्याने छताखालच्या लोखंडी पट्ट्या चाचपल्या आणि दोन पट्ट्यांच्या मधली, पलंगाच्या पायथ्याकडची जागा ठरवली. पुढच्या खिडकीतून आलेली हवा शेगडीवरून, पलंगावरून जाऊन माझ्या वाटे बाहेर पडेल, असे त्याचे म्हणणे. त्याने चौकोन आखला, मोजणीदारांनी तो चारदा मोजला, मग पत्रा कापला गेला. कापलेल्या कडेची धार त्याने कानशीने घासली आणि गंज चढू नये म्हणून तिला रंग दिला. आतून लाकडी चौकट, माझ्या कडेखाली चिकट काळी पट्टी, वरून सोळा स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पाणी अडवणारा जाड लेप. मोजणीदार शिडीवर उभे राहून मोजत होते.

"दाजी, सोळाच आहेत."

"मी सतरावा शोधत नाहीये. सोळावा शोधतोय."

"तो तुमच्या कोपराखाली आहे."

उन्हाळाभर माझे कौतुक झाले. तळणाचा वास मी दोन मिनिटांत बाहेर घालवी. दर रविवारी मेव्हणा जेवायला येई, कॅम्परच्या पायरीवर बसून बहिणीशी गप्पा मारी आणि जाताना माझे झाकण पुसून जाई. लहानपणी आई गेल्यावर त्या बहिणीनेच त्याला वाढवले होते. तिचा आठवडा त्या रविवारावर उभा होता.

मग थंडी आली आणि रात्री माझे झाकण मिटून ठेवू लागले. एका सकाळी माझ्या कडेवरून एक थेंब सुटला आणि नेमका मोजणीदारांच्या पावलावर पडला. त्यांनी तो बोटाने पुसला, त्याचा वास घेतला आणि छताकडे पाहिले. दुसऱ्या सकाळी पुन्हा थेंब. त्यांनी पेन्सिलने छतावरच्या ओल्या डागाभोवती रेघ ओढली आणि बाजूला तारीख लिहिली. सात आठवड्यांत माझ्याभोवती अशा एकोणीस रेघा झाल्या. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेबाहेर.

पहिल्या रेघेनंतरच त्यांनी माझे झाकण दिवसाही घट्ट मिटले, फिरणे बंद केले. पाचव्या रेघेनंतर छतावरून ताडपत्री ओढून दोऱ्यांनी बांधली. दहाव्या रेघेनंतर खालून माझ्या तोंडात उशी कोंबली. तरीही डाग वाढतच होता. "एवढं झाकूनही गळतंय, म्हणजे दोष खोलवरचा आहे," असा निष्कर्ष त्यांनी काढला. मित्रांनो, संशय हा असा असतो. पुरावा नसला तरी तो वाढतो, आणि उलटा पुरावा मिळाला तर दुप्पट वाढतो.

खरे सांगायचे तर मलाही माझाच संशय येऊ लागला होता. माझे अर्धे अंग छताबाहेर, अर्धे आत. पाणी कोणत्या अंगाने येते, ते मला उशीखाली कसे कळावे? सोळावा स्क्रू ढिला असेल काय? मेव्हण्याने लेप लावताना बहिणीशी बोलण्यात एखादी जागा सोडली असेल काय? ज्याने मला पुसले, त्याच्याविषयी मी असा विचार केला, याची मला आजही लाज वाटते.

उशी कोंबल्यानंतरच्या रविवारी मोजणीदार मेव्हण्याला म्हणाले, "काम गप्पा मारत केलंस. त्याचं हे फळ. आता पंखाच काढून टाकतो."

"वर चढून दाखवू का, दाजी? एक फट सापडली तरी मानेन."

"ज्यानं केलं त्यानंच तपासायचं, असं नसतं."

मेव्हणा ताटावरून उठला नाही. जेवण पुरे करूनच उठला. दारात थांबून म्हणाला, "ताई, पंखा काढलात तर माझं काम खोटं ठरलं. मग मी या दारात कोणत्या तोंडाने येऊ?"

त्यानंतरचे तीन रविवार ती पायरी रिकामी होती. पत्नी तरीही एक वाटी जास्तीची मांडी आणि जेवणे झाली की धुवून ठेवी. नवऱ्याशी ती फक्त कामापुरते बोले.

आता चौकशीचा गुरुवार. शेडच्या मालकीणबाई पन्नाशीच्या होत्या. पत्रेकामात त्यांचा हात असा की सारे त्यांना उस्ताद म्हणत. पत्नीसह आलेल्या मोजणीदारांनी सांगितले, "मेव्हण्यानं बसवलेला पंखा गळतोय. उतरवा आणि भोक बुजवा."

उस्तादांनी उशी काढली, एकोणीस रेघा वाचल्या आणि विचारले, "साहेब, या तारखांना पाऊस किती वेळा झाला?"

मोजणीदारांनी खिशातली वही काढून पाने उलटली. बराच वेळ उलटली. "एकदाही नाही. पण आधीचं पाणी सांध्यात साठलेलं असणार."

"सात आठवडे?"

मोजणीदारांनी वही मिटली.

उस्तादांनी ताडपत्री सोडली, माझी कड कोरडी पुसली, तिच्याभोवती आतून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या आणि छतावर पाण्याचा पाइप सोडला. चाळीस मिनिटे माझ्या डोक्यावर गार पाणी पडत होते. मी श्वास रोखून होतो. नंतर पट्ट्या काढल्या. कोरड्या, कुरकुरीत. मोजणीदारांनी प्रत्येक पट्टी उजेडात धरून पाहिली.

"आता दारं-खिडक्या लावा आणि शेगडीवर पाणी ठेवा," उस्ताद म्हणाल्या.

तिघे आत बसले. पाणी उकळले. गारठलेल्या छतावर आधी धुके धरले, मग माझ्या कडेवर मोत्यांसारखे थेंब, मग एक थेंब सुटून वहीवर. खिडकीच्या काचेवरून तर ओघळ लागले होते.

उस्तादांनी काचेवर बोट फिरवले. "साहेब, ही काचही मेव्हण्यानेच बसवली का?"

पत्नी कित्येक आठवड्यांनी हसली.

"श्वासाची वाफ, सैपाकाची वाफ. तिला बाहेर जायला एकच दार होतं, ते तुम्ही बंद केलंत आणि वर उशी लावलीत. पंखा चांगला आहे. बसवलाय त्याहून चांगला."

त्यांनी किल्ली फिरवून माझे झाकण बोटभर उघडले, मला सर्वांत मंद गतीवर चालू केले. पाव तासात छत सुकले.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. माझे एक पाते आता किंचित थरथरते, झाकणाचा रंग उडाला आहे, पण मी त्याच सोळा स्क्रूंवर उभा आहे. मित्रांनो, माझ्या जातभाईंसाठी एवढेच मागतो: आम्हाला वर्षातून दोनदा पुसा, कडेचा लेप तपासा, थंडीतही झाकण बोटभर उघडे ठेवा. आणि कोणाचा संशय आलाच, तर त्याची परीक्षा त्याच दिवशी घ्या. रेघा ओढत सात आठवडे बसू नका.

त्या गुरुवारचे एक सांगायचे राहिले. शेडमधून निघण्याआधी पत्नीने फोन नवऱ्यापुढे धरला. "मी नाही करणार. तुम्ही करा."

मोजणीदारांनी घसा साफ केला, टोपी काढून मांडीवर ठेवली. पलीकडून "बोला दाजी" ऐकू आले.

"तुझं काम बरोबर होतं," ते म्हणाले. "चूक माझी होती."