न धुतलेलं लुगडं

म्हैस

राजाबाई गेल्या आणि म्हशीनं पान्हा चोरला. सून स्वरूपा धारेला बसली की लाथ. शेजारच्या अंबुबाईनं तोडगा सांगितला.

"सासूचं न धुतलेलं लुगडं नेसून बस गं. म्हस काय तोंड बघत न्हाय, वास बघती."

स्वरूपा नेसली. म्हशीनं खांदा हुंगला, डोळे मिटले. बादली भरली. उचगावात ही रीत जुनीच. कुणाला वावगं वाटलं नाही.

बाळ

पंधरवड्यात स्वरूपाचं बाळ रोडावलं. वाटीतलं दूध थुंकायचं. भुकेनं मुठी चोखायचं, पण स्वरूपानं पदराखाली घेतलं की दोन घोटांत झोपायचं. तळपाय चोळले, कानात फुंकर मारली. उठेना. नवऱ्यानं, आदर्शनं उचललं की टाहो.

"आईच्या मांडीवर झोपायचं तसं झोपतंय," आदर्श म्हणाला. जन्मल्यापासून बाळाला निजवायच्या त्या राजाबाईच.

नाक

म्हैस बघायला आलेल्या डॉक्टरांना स्वरूपानं लुगड्याच्या वासाचं विचारलंच.

"वहिनी, डोळ्याचं, कानाचं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं. वास थांबत नाही. नाकाच्या वर मेंदूचा कांद्यासारखा गड्डा असतो. तिथं वासाची नक्षी उमटते, आणि ती थेट आठवणीच्या, भीतीच्या घरात. म्हैस असो, बाळ असो. वास कुणाचा, हे कळायच्या आधी अंग वागून मोकळं."

"मग मला का येईना तो वास?"

"सवयीचा वास मेंदू सांगायचं सोडतो."

अंघोळ

लुगडं चुलीत गेलं. शिकेकाई, रिठा, शेवटी कपड्याची पावडर. कातडी लाल झाली. मनगट हुंगलं. काही नाही.

बाळाला घेतलं. झोपलं.

स्वतःच्या साडीत ती गोठ्यावरनं गेली. म्हैस रेकली, आणि कुणाचा हात न लागता सडांतून दूध ठिबकायला लागलं.

काकती

ती काकतीला माहेरी निघाली. माहेरचं पाणी, माहेरची साडी, आईच्या हातचं उटणं. तिथं तरी पोर पिईल, एवढीच आशा. बसमध्ये बाळ झोपूनच होतं, ओठ सुकलेले.

मोतीबिंदूनं दिसेनाशी झालेली आई चाहूल घेत दारात आली. हात पसरून स्वरूपाला जवळ ओढलं. थबकली. मागं सरून डोईवरचा पदर नीट केला.

"या विहीणबाई," ती म्हणाली. चाचपत तिनं बाळाच्या गालाला हात लावला. "लई गाढ झोपलंय की. ह्याची आई कुठं ऱ्हायली?"