मागच्या सीटवरचा गारवा

आमच्या दुकानातून गाडी बाहेर पडायच्या आधी मी तिच्यात मागे बसते. ही रीत आमच्या ह्यांनी घातली. एसी दुरुस्त झाला की काचा वर करायच्या, मला मागच्या सीटवर बसवायचं आणि एक फेरी मारून आणायची. मीटरचा काटा पुढच्या जाळीतल्या हवेचं सांगतो. मागे बसलेल्याच्या मानेवर घाम आहे की नाही, हे काट्याला कोण सांगणार? हे गेले, रीत राहिली. आता मुलगा गाडी चालवतो, गिऱ्हाईक त्याच्या शेजारी बसतं आणि मी मागे राणीसारखी. मी "जाऊ दे" म्हटलं की गाडी दिली, नाही म्हटलं की परत आत. कितीही मोठा साहेब असो, त्या सीटवर माझ्यापुढे कुणाची डाळ शिजलेली नाही. शाळा मी दुसरीच्या पुढे पाहिली नाही, पण कोमट आणि गार यातला फरक कळायला शाळा लागत नाही.

म्हणून त्या आठवड्यात दिलेल्या गाड्या परत यायला लागल्या, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी एका औषधविक्रेत्याची आली. मग एक नवरा-बायको आले, ते आल्यापासून भांडतच होते. एसीवरून की लग्नापासूनच, देव जाणे. दिली तेव्हा गारठलेली गाडी, चार दिवसांत भट्टी. आमच्याकडे असं होत नसे. गॅस कुठून निसटतोय ते सापडल्याशिवाय आम्ही नवा गॅस भरत नाही. रस्त्यावरचे भरतात. फुटक्या हंड्यात पाणी ओततात आणि वर उपकार केल्याचा आव आणतात.

त्याच्या आदल्या आठवड्यात सून माहेरी गेली होती. तिची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. एरवी सून रोज दुपारी चहा घेऊन दुकानात यायची ती रेंगाळायचीच. नवरा शटर ओढून, अंधार करून, दिवा घेऊन गाडीखाली शिरला की ही त्याच्या बाजूला उकिडवी बसलेली. मी कितीदा बोलले, अगं पोरं कॉलेजात गेली, आता तरी त्याला जरा मोकळा सोड. ती नुसती हसायची. उलट उत्तर न देणाऱ्या सुनेवर माझा कधी विश्वास बसला नाही.

तेव्हा मी माझा हिशोब केला. बायको तिकडे, ह्याचं चित्त तिकडे, म्हणून कामात चुका. बोलूनही दाखवलं. म्हटलं, तिच्या बॅगेत तुझे हातही भरून पाठवलेस की काय?  पान्हा ठेवायला तो मागे वळला, तोच स्टूलला धडकला आणि स्टूल सरळ करून पुन्हा कामाला लागला. मी स्टूल मध्ये ठेवणाऱ्याचा उद्धार केला. ते मीच ठेवलं होतं, ते सोडा.

मग सकाळी व्हॅनवाली आली. ही बाई शाळेची मुलं ने-आण करते. जुनं गिऱ्हाईक, मला मावशी म्हणते. तिच्या व्हॅनला मुलांसाठी मागे वेगळा एसी आहे, त्यामुळे गॅसच्या नळ्या पुढून निघून थेट मागच्या चाकापर्यंत पोटाखालून जातात. आदल्याच आठवड्यात मुलाने पुढचा एक जोड बदलून व्हॅन दिली होती. आता मागे पुन्हा वाफ. काल एका लहानग्या मुलीने उकाड्याने सीटवरच उलटी केली आणि ती निपचित पडली. तिच्या आईबापांनी फोन करून हिचा जीव खाल्ला. व्हॅनवाली ओरडली असती तर मी सोसून घेतलं असतं. ती ओरडली नाही.

"मावशी, मागे तुम्ही बसला होतात ना? तुम्ही हो म्हणालात म्हणून मी नेली."

हे वाक्य माझ्या काळजात घुसलं. माझ्या होकाराला इतक्या वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं. मी तिथल्या तिथे, तिच्यासमोर, मुलाला फैलावर घेतलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं चाललंय दुकानात, म्हटलं. शेजारचा टायरवाला लगेच हात पुसत आला. त्या माणसाला काम नसतं, पण कान भरपूर आहेत. मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला की मी पुढचं बोलणं गिळलं. मग त्याने व्हॅन आत घेतली आणि शटर ओढलं.

आमचं काम बाहेरच्याला जादूसारखं वाटतं, पण साधं आहे. गॅस डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याबरोबर रंगाचं तेल सोडतात. अंधारात निळा दिवा मारला की जिथून गळतंय तिथे ते तेल हिरवंगार चमकतं. मांजराचा डोळा चमकतो तसं. व्हॅनमध्ये रंग आधीचाच होता. मुलाने थोडा गॅस सोडला, व्हॅन उचलून टेकूंवर ठेवली आणि चाकांच्या फळीवर पाठ टेकून तिच्याखाली सरकला. मी एरवी आत जात नाही, गुडघे कुरकुरतात. त्या दिवशी गेले. पुन्हा चूक व्हायला नको म्हणून माझं बुटकं स्टूल घेऊन त्याच्या डोक्याशी बसले.

दिवा पुढच्या नळीवरून निघाला. मध्यावर आला. मागच्या चाकाच्या अलीकडे एक जोड होता, तिथे तळहाताएवढा हिरवा डाग चमकला. ओला, ठसठशीत. मी मनात म्हटलं, सापडला चोर. तेवढ्यात दिवा पुढे गेला.

"इथे काही नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, माझी गंमत करतोय. सकाळच्या बोलण्याचा राग काढतोय. दिवा परत फिरला, डागावरून गेला. डाग पुन्हा पेटला, पुन्हा विझला. "सगळं कोरडं आहे." आवाजात गंमत नव्हती. मग मी त्याच्या डोक्याकडे बघितलं. कोंबडी दाणा शोधताना मान हलवते, तशी तो मान हलवत होता. झटका, थांब. झटका, थांब. जसं कुणी किल्लीच्या भोकातून खोली बघावी.

आणि मला एकदम सगळं उमगलं. घरात बाजूला ठेवलेला कप हटकून ह्याच्याच कोपराने सांडतो. सून दारं एक तर सताड उघडी ठेवते, नाहीतर घट्ट लावते, अर्धं दार तिला चालत नाही; मी त्यालाही तिचं खूळ म्हणायचे. ती दुपारी चहा घेऊन यायची ती चहासाठी यायचीच नाही. ती इथे, मी आता बसले होते तिथे, उकिडवी बसून ह्याला गळती दाखवायची. नवऱ्याची लाज राखून, एखाद्या हलक्या शब्दाने. आणि मी तिला चिकटी म्हणत होते.

"उजव्या हाताला," मी म्हटलं. "चाकाच्या अलीकडे."

तो हलला नाही. मग दिवा हळूहळू उजवीकडे गेला, त्यामागून त्याने अख्खा चेहरा वळवला आणि डागावर थांबला. "हं," म्हणाला. एवढंच.  पुढचं काम त्याचे हात करत होते आणि हातांना काही झालेलं नव्हतं. जोड खोलला, आतली रबरी कडी चिरली होती ती बदलली, पंप लावून हवा ओढून काढली, गॅस भरला. शटर वर केलं तेव्हा व्हॅनवालीने मागच्या जाळीपुढे हात धरला आणि तिचा चेहरा उजळला. मी मात्र, कडेचं न दिसता ह्याने आजवर किती गाड्या चालवल्या, हे मनातल्या मनात मोजायला लागले.

कारण आता फेरी मारायची होती. रस्ता नेहमीचा, सरळ जाऊन शाळेवरून वळसा. शाळा सुटायची वेळ झाली होती. व्हॅनवाली घड्याळ बघत म्हणाली, मावशी, तसंच पुढे मुलं घेते, लवकर बसा.

झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून मी थाप मारली. म्हटलं, आज तूच चालव गं, ह्याचा पाय मुरगळलाय. मला वाटलं, पोरगा समजून घेईल. पण पीळ माझाच ना. "माझ्या पायाला काय झालंय?" म्हणत तो चालकाच्या जागेवर जाऊन बसलासुद्धा. टायरवाला दात काढून म्हणाला, काकू आज मुलावर मेहरबान आहेत.

मी मागचं दार उघडलं. एक पाय आत टाकला. मनात आलं, रस्ता त्याच्या अंगवळणी पडलाय. काल चालवली, परवा चालवली, कुणाला ओरखडा नाही. आज एकदा जाऊ दे, घरी गेल्यावर बघू. चारचौघांत मुलाची अब्रू घालवणारी आई मी नव्हे. पण मग शाळेचं फाटक डोळ्यापुढे आलं. सुटलेली मुलं समोरून कधी येतात का? मुलं बाजूनेच येतात.

पाय बाहेर काढला. वळसा घालून त्याच्या खिडकीशी गेले.

"उतर."

"आई, त्यांना उशीर होतोय."

"उतर. तुला बाजूचं दिसत नाही."

हळू बोलले होते. पण टायरवाल्याचे दात मिटले आणि व्हॅनवालीने पदराशी चाललेला चाळा थांबवला, म्हणजे ऐकू गेलं होतं. मुलाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. लहानपणी मार खाताना तो असाच एका जागी बघत राहायचा. कोण म्हणालं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी म्हणतेय. तरी उतरेना. तेव्हा मी खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली.

तो उतरला तो थेट आत गेला. व्हॅनवाली किल्ली हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली, "मावशी, इतके दिवस मी ह्यांच्या शेजारी बसून फेरी मारत होते." मग व्हॅन घेऊन गेली. मी मागे बसले नव्हते. माझ्या होकाराची आता तिला गरजही नव्हती. टायरवाल्याला मी सांगितलं, की हे बाहेर गेलं तर तुझ्या सगळ्या टायरांची हवा काढीन. तो नाही नाही म्हणाला, पण गल्लीच्या टोकापर्यंत ते माझ्या आधीच पोचलेलं असणार.

आत तो जुन्या कॉम्प्रेसरच्या ढिगाजवळ बसला होता. कधीपासून, मी विचारलं. बरेच दिवस, तो म्हणाला. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मधलं दिसतं, कडेचं गेलं. सगळं असं सांगितलं जणू कुणा गाडीचं सांगतोय.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुणाची चूक कधी पोटात घातलीस?" तो म्हणाला. "आणि आज सांगायचंच होतं तर घरी सांगायचंस. रस्त्यात नाही."

"घरी जाईपर्यंत तू शाळेच्या दारातून जाऊन आला असतास."

 बरोबर असूनही मला जिंकल्यासारखं वाटेना. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलंच होतं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सरळ विचारलं, तुला माहीत होतं, मग तू त्याला चालवू कशी दिलीस?

"मी ह्यांना रोज सांगत होते, आई. हे म्हणायचे, आईला कळलं तर ती दुकानच बंद करेल. आणि मी तुम्हाला सांगायचं कुठे? तुमच्या बोलण्यात दुसऱ्याला शिरायला फट असते का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला उलट उत्तर दिलं. मी तिच्या आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

दुकान लवकर बंद केलं. त्याची स्कूटर आत ठेवली, किल्ली माझ्या बटव्यात टाकली. तो चालत निघाला, मी मागून. फुटपाथवर माणसं होती, सायकली होत्या, कुणीतरी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेलं होतं. प्रत्येक अडथळ्याशी माझा हात त्याच्या पाठीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. एका कोपऱ्यावर बाजूने एक बाई पिशव्या घेऊन आली, त्यांची टक्कर झाली. बटाटे रस्ताभर पसरले. दिसत नाही का, ती बाई करवादली. माझी जीभ सुटणार होती. पण तो वाकून बटाटे गोळा करायला लागला. समोरचे उचलत होता, कडेचे राहून जात होते. ते मी उचलले.

बाई गेली. तो उभा राहिला, हात झटकले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागे चालू नकोस. तिथे तू मला दिसतच नाहीस. पुढे चाल."

मी पुढे झाले.