शहक्यावाचून मुलुखिया

उम्म फतहीच्या खानावळीत शुक्रवारी मुलुखिया खायला लोक मशिदीतून थेट येत. सशाच्या रश्श्यात बारीक चिरलेला हिरवा पाला, वरून लसूण-धण्यांची फोडणी. फोडणी पडते त्या क्षणी स्वयंपाकिणीने दचकल्यासारखा, बाहेर ऐकू जाईल असा श्वास आत ओढायचा. त्याला शहका म्हणतात. तो चुकला की पाला तळाला बसतो आणि वर नुसतं हिरवं पाणी राहतं. इजिप्तमधल्या आमच्या तांता शहरात यावर कोणी वाद घालत नाही.

दोन वर्षांपूर्वी उम्म फतहीची सून सनिय्या हिने असाच शहका ओढला आणि पाठोपाठ दारात पोलीस आला. कालव्याच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याची, फतहीची तीनचाकी उलटली होती. फतही जागीच गेला. तेव्हापासून उम्म फतहीचं म्हणणं एकच : "शहका आधी, बातमी मागून. हिनंच गिळला माझा पोरगा." तिने घरात शहक्याला बंदी केली. सनिय्या ओठ मिटून फोडणी घालू लागली. मुलुखिया बसू लागली.

गिऱ्हाइकांनी कुरकुर सुरू केली, तेव्हा उम्म फतहीला हवं ते निमित्त मिळालं. तिची मुलगी अवातिफ तलाक होऊन माहेरी परतली होती आणि चूल तिला द्यायची होती. गुरुवारी भर दुपारी, जेवणाऱ्यांच्या देखत तिने सुनेला सुनावलं.

"उद्या पाला बसला तर चूल अवातिफची. तू आपली पोर उचल आणि भावाकडे चालती हो."

"भाऊ मला दारात उभी करायचा नाही, आई. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच सांगते."

"आणि शहका?"

"माझ्या छपराखाली तोंड उघडून बघ. त्याच पावली बाहेर."

शुक्रवारी एकही खुर्ची रिकामी नव्हती. निम्मे लोक जेवायला आले होते, निम्मे तमाशाला. मी दोन्हींसाठी. स्वयंपाकघर आणि आमच्यामध्ये फक्त एक पडदा होता. अवातिफ त्याच्याजवळ बसून वारा घेत होती.

समोरच्या गल्लीतल्या खाटकाने, मितवल्ली काकांनी तिला छेडलं, "काय गं, आज मुलुखिया आहे की गवताचं पाणी?"

"वहिनीला विचारा. मी इथं अजून पाहुणी आहे."

"उद्या मालकीण होशील की. बघू, तुझ्या हातची पचते का."

"तुमचा म्हातारा ससा पचवतात लोक, तर माझं काय!"

लोक हसले. तेवढ्यात लसूण लाल झाल्याचा वास आला आणि पडद्यामागून शहका आला. असा, की पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघू लागली. कोणीतरी सवयीने "वाहवा" म्हटलं आणि जीभ चावली.

उम्म फतहीने काठीने पडदा ओढला. "आता कोणाला मारलंस?"

"कोणाला नाही. पाला बघा." सनिय्याने पळी उचलून दाखवली. "गप्प राहिले असते तरी बाहेर, ओढला तरी बाहेर. मग नीट शिजवूनच जावं म्हटलं."

आम्हाला दिसत होतं. पाला रश्श्यात एकसारखा भरून होता, पाणी कुठेच सुटलं नव्हतं.

"फतहीच्या जिवावर शिजवलंस तू हे."

"फतहीला ताप होता. मी म्हणत होते, आज राहू दे. सशांचे पिंजरे आणायला त्याला कोणी पाठवलं, आई? मी?"

उम्म फतहीने काठी टाकली. फडक्याने पातेल्याचे कान धरले, ते ओढत मागच्या दारापर्यंत नेलं आणि गटारात पालथं केलं.

आमच्याकडे वाटेत पडलेला भाकरीचा तुकडाही माणूस उचलतो, ओठांना लावतो आणि भिंतीच्या कडेला ठेवतो. भाकरीने टेबल पुसलं म्हणून उम्म फतहीने स्वतःच एका गिऱ्हाइकाला हाकललं होतं. सशाचे तुकडे घाणीतून वाहत चालले होते आणि ती धापा टाकत त्यांच्याकडे बघत होती.

मितवल्ली काका उठले. "पोरगा गेला ते अल्लाच्या हातात होतं, उम्म फतही. हे तुझ्या हातात होतं."

ते निघाले. मागोमाग आम्ही सगळे.

"जा, जा! भिकारड्यांनो!" ती ओरडली. कोणी वळून पाहिलं नाही.

सनिय्याने आपल्या आईकडून आलेली, पाला चिरायची दोन मुठींची सुरी फडक्यात गुंडाळली, पोरीला हाताशी धरलं आणि बाहेर पडली. त्याच संध्याकाळी मितवल्ली काकांनी दुकानामागची खोली आणि चूल तिला दिली. यात दयाबिया काही नव्हती. त्यांचे ससे तिथेच खपणार होते.

पुढच्या शुक्रवारी रांग खाटकाच्या दुकानापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. खानावळ उघडी होती, आत उम्म फतही एकटीच बसली होती. अवातिफने तिच्यासाठी चूल पेटवलीही नव्हती. थोड्या वेळाने अवातिफ वाडगा घेऊन बाहेर आली, रांग ओलांडून थेट चुलीपाशी गेली.

"वहिनी, आईसाठी थोडी दे. सकाळपासून काही खाल्लं नाही तिने."

सनिय्या पाला चिरत होती. सुरी थांबली नाही.

"देते की. रांग तिकडून आहे."

"मी घरची आहे गं."

"कुठल्या घरची?"

अवातिफ वाडगा छातीशी धरून वळली. रांगेतल्या एकानेही तिला जागा करून दिली नाही. ती पार मागे गेली आणि माझ्यामागे उभी राहिली.