उकळीच्या आत वितळणारं मेण

'तेलवाली' हे काही तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. मोटरच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसांनी ते तिला बहाल केलं होतं, कारण तिने पहिल्याच बैठकीत मोटरच्या पोटात तेल सोडायची गोष्ट काढली. मोटर कोरडी ठेवायची, तेलापाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही, हे तिथले लोक वर्षानुवर्षं सोवळ्यासारखं पाळत आलेले. आणि ही कालची पोरगी म्हणते, गरगर फिरणाऱ्या रोटरच्या आतूनच तेल खेळवू. वाइंडिंग खात्यातल्या दोघांना त्या दिवशी हसण्यापुढे डबा उघडायचंही सुचलं नाही.

तिचं म्हणणं मात्र साधं होतं. या नव्या मोटरींच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक बसवलेले असतात. बाहेरच्या तांब्याच्या गुंडाळ्या तापल्या तर वारा घालता येतो, कवचातून पाणी फिरवता येतं. पण रोटर बिचारा आत एकटा फिरत असतो, त्याची वास्तपुस्त कोणी करत नाही. तो तापत जातो. चुंबक शंभरेक अंशांपलीकडे तापले की त्यांची ताकद जाते आणि गार झाल्यावरही परत येत नाही. नाव 'कायमचे' आणि नखरे हे असे. म्हणून तिने पोकळ शाफ्टमधून, म्हणजे रोटरच्या मधल्या दांड्यातून, तेल आत न्यायचं ठरवलं होतं. तिथून ते चुंबकांच्या अगदी खालून, बारीक वाटांनी दोन्ही टोकांना निघणार. प्रत्येक टोकाच्या चकतीला सहा भोकं, एकूण बारा.

मालकीणबाईंनी तिला यासाठी एक वर्ष आणि दोन रोटर दिले होते. वर्ष संपत आलं होतं. पहिल्या रोटरचे चुंबक पहिल्याच चाचणीत गेले, आणि दुसऱ्या रोटरची चाचणी दोनदा मध्येच थांबवावी लागली, एकदा पंपामुळे आणि एकदा गळतीमुळे. मग मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की आता आणखी एकदा थांबली किंवा हाही रोटर गेला, तर हे तेलाचं प्रकरण बंद, आणि तिने आपल्या जुन्या जागी जाऊन बसायचं. जुनी जागा म्हणजे तक्रार विभाग. तिथे तिने चार वर्षं काढली होती आणि 'आम्ही दिलगीर आहोत' हे सतरा तऱ्हांनी लिहायला शिकली होती.

आता मामांविषयी सांगायला हवं. हे तिचे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. रोटरचा तोल साधणं हे त्यांचं काम, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना तोलमामा म्हणत. भाची घरी त्यांना 'तू' म्हणायची आणि कारखान्याच्या फाटकातून आत आली की 'तुम्ही'. मामा रोटर यंत्रावर फिरवायचे, कुठली बाजू जड आहे ते हेरायचे आणि टोकाच्या चकतीला छिद्र पाडून तिथलं थोडं लोखंड काढून टाकायचे. त्यात कीस उडतो. तो कीस तेलाच्या वाटेत गेला तर सगळाच घोटाळा, म्हणून आधी भोकं बुजवावी लागतात.

मामा ती मेणाने बुजवायचे. मेण त्यांचं स्वतःचं, राळ घालून कडक केलेलं, बूटपॉलिशच्या जुन्या डबीत ठेवलेलं. नवीन मेण केलं की त्याची एक गोळी पाण्यात टाकून पाणी तापवायचं, आणि उकळी यायच्या आत ती वितळली तरच मेण पास, हा त्यांचा नियम. उकळतं पाणी सगळ्यात जवळ कुठे मिळायचं, तर भाचीच्या टेबलावरच्या केटलीत. तिच्या चहावर वरचेवर चकचकीत तवंग दिसायचा आणि मग ती मामांना फाडफाड बोलायची.

तवंगाचं काय, ती चालवून घ्यायची. तिला खरी धास्ती वेगळीच होती. मामा विसरायचे. चष्मा विसरायचे, डबा विसरायचे, एकदा तर सायकलवरून आले आणि चालत घरी गेले. एखाद्या भोकात मेण राहून गेलं तर? म्हणून तिने लाल रबराची बारा बुचं मागवली, प्रत्येकाला बोटभर शेपटी. भिंतीवर एक लाकडी पाटी लावली आणि तिच्यावर बारा खिळे ठोकले. बाराच्या बारा बुचं पाटीवर परत लटकल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही, असा नियम केला आणि सगळ्यांना उभं करून त्यावर पाऊण तास प्रवचनही दिलं. मामांनी ते शांतपणे ऐकलं आणि रंग छान आहे एवढंच म्हणाले.

चाचणीच्या दिवशी सकाळी अकराला सगळे जाड काचेच्या अलीकडे जमले. मालकीणबाई होत्या, आणि ज्यांच्या प्रवासी बोटींसाठी ही मोटर बनत होती ते बोटवाले गृहस्थही आले होते. पूर्ण भाराखाली चाळीस मिनिटं मोटर चालायची होती. तिने पाटीकडे बघितलं. बारा. पुन्हा मोजली, तरी बाराच. मग तिने मोटर सुरू केली.

रोटरच्या दोन्ही टोकांना चिकटवलेले इवलेसे सेन्सर पडद्यावर आकडे पाठवत होते. पहिली दहा मिनिटं दोन्ही आकडे जोडीने चढले. मग अलीकडच्या टोकाचा आकडा चौसष्ट अंशांवर शहाण्यासारखा थांबला. पलीकडचा काही थांबेना. सत्तर झाला, शहात्तर झाला. तिने पंप बघितला, दाब बघितला, सगळं ठीक होतं. मग तिची नजर तेल परत आणणाऱ्या दोन काचेच्या नळ्यांकडे गेली. अलीकडच्या नळीतून तेल भसाभसा येत होतं आणि पलीकडची जवळजवळ कोरडी होती.

एक टोक नेहमीच जास्त तापतं का, असं बोटवाल्यांनी विचारलं. मालकीणबाईंनी फक्त चष्मा काढून हातात घेतला, आणि त्याचा अर्थ कारखान्यात सगळ्यांना माहीत होता: प्रकरण संपलं.

मागे उभे असलेले मामा आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. नखाखाली तपकिरी काहीतरी होतं. ते पुढे आले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "पलीकडच्या टोकाला मेण आहे."

तिला क्षणभर काही कळेना. पाटीवर तर बारा बुचं होती. मामांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. पलीकडची भोकं केसभर मोठी पडली होती, त्यांत रबराची बुचं सैल बसत होती आणि बाजूने कीस आत गेला असता. म्हणून त्यांनी तिथली सहा बुचं पाटीवर परत टांगली आणि मेण भरलं. काम झाल्यावर अलीकडची सहा काढून तीही टांगली. पाटी भरली. भरलेली पाटी बघून त्यांनाही वाटलं, झालं काम. इतकी वर्षं ते भोकाकडे बघायचे, या वेळी पाटीकडे बघितलं.

आकडा ब्याऐंशी झाला होता. तिचा हात लाल बटणावर गेला. थांबवलं तर आजच सगळं आवरायचं. नाही थांबवलं आणि मेण सुटलं नाही, तर चुंबक जाणार, आणि मग कोणी थांबवायचीही गरज उरणार नाही.

"थांबवू नकोस," मामा म्हणाले. "उकळीच्या आत वितळतं ते."

"पण हेच मेण? हे तू तपासलं होतंस का, मामा?" कारखान्यात आपण 'तू' म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मामा आठवू लागले. कपाळाला हात लावून आठवलं, छताकडे बघून आठवलं. त्यांना काही आठवेना, आणि त्यांचा चेहरा इतका बापुडवाणा झाला की तिला भडभडून आलं.

आकडा अठ्ठ्याऐंशी झाला आणि तिला मंगळवार आठवला, मामांनी या रोटरचा तोल साधला त्याच्या आदला दिवस. मंगळवारी तिच्या चहावर तवंग होता. नुसता तवंग नव्हे, त्याला राळेचा वास होता. ती मामांना सगळ्यांदेखत बोलली होती, आणि ते डबीचं झाकण लावत म्हणाले होते की आजचं फार छान जमलंय. तो चहा तिने रागारागाने तसाच पिऊन टाकला होता.

"तपासलंयस," ती म्हणाली. "मी प्यायलेय ते." आणि तिने बटणावरचा हात काढून घेतला.

नव्वद. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णववर आकडा अडला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग पलीकडच्या नळीत एक तपकिरी पिचकारी आली, नळी दोनदा ठसकली आणि तेल वाहायला लागलं. आकडा घसरला. ऐंशी, बहात्तर, आणि शेवटी पासष्टवर येऊन अलीकडच्या भावंडाशेजारी बसला. उरलेला वेळ तो तिथून हलला नाही, आणि तीही हलली नाही.

चाळीस मिनिटं पुरी झाली. मोटर थांबल्यावर मालकीणबाईंनी तो मधला चढ कसला होता असं विचारलं. तक्रार विभागातल्या चार वर्षांमुळे तिच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, आणि तेलात हवेचा बुडबुडा अडकला होता हे त्यातलं सगळ्यात देखणं. तिने ते गिळलं.

"भोकांत मेण राहिलं होतं," ती म्हणाली. "पाटीवर बारा बुचं दिसली म्हणून मी भोकं बघितलीच नाहीत. पाटी माझी होती."

बोटवाल्यांनी जरा विचार करून विचारलं, "आणि मेणाऐवजी ती लाल बुचं राहिली असती तर?"

तिने पाटीवरच्या लाल शेपट्यांकडे बघितलं; रबर काही वितळलं नसतं. मालकीणबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, दोन आकडे पुन्हा एकदा बघितले आणि तेलाचं काम पुढे चालू राहील असं सांगितलं. जाता जाता म्हणाल्या की रोटरच्या नकाशात बूच मेणाचं असं नीट लिहून ठेवा, आणि ते कसं तपासायचं तेही.

दुपारी ती नकाशा घेऊन मामांच्या यंत्रापाशी बसली. मेण किती, राळ किती, सगळं विचारून लिहून घेतलं. मग तिने विचारलं की हे उकळीच्या आत वितळणारं मेण त्यांना सुचलं कसं.

मामा चष्मा शोधत होते. तो त्यांच्या कपाळावरच होता.

"आधी मी लाकडी बुचं वापरायचो," ते म्हणाले. "नवा होतो तेव्हा एक आत विसरलो आणि मोटर जळाली. मग न विसरायचा फार प्रयत्न केला गं. वर्षभर केला. विसरणं काही सुटेना, तेव्हा बूच बदललं."

तिने त्यांचा चष्मा कपाळावरून खाली ओढून नाकावर बसवला. मग उठली आणि केटलीत पाणी तापत ठेवलं, आधी मेणाच्या गोळीसाठी आणि मग दोघांच्या चहासाठी.