पलीकडचं पाणी

एकोणीसशे सदुसष्टच्या त्या उन्हाळ्यात हाँगकाँगला चार दिवसांतून एकदा नळाला पाणी यायचं. सातव्या मजल्यावर ते चढायचंच नाही. मग वरच्या बायका जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या, "खालच्यांनो, नळ बंद करा!"

कामतोंग हा बसकंडक्टर, जूनपासून इंग्रजांविरुद्धच्या संपात. कंपनीचा शेवटचा निरोप आला होता: एक ऑक्टोबरला दुपारी बाराच्या आत माफी लिहून द्या, नाहीतर नोकरी विसरा. आणि युनियनचे लेउंगदादा छातीठोकपणे सांगत होते, की चीनकडून येणारं पाणी दरवर्षी त्याच दिवशी सुरू व्हायचं असतं. यंदा आपला देश थेंब सोडणार नाही, इंग्रज गाशा गुंडाळेल, हाँगकाँग चीनचं होईल.

"आणि आपण काय प्यायचं?" त्याची बायको साउनगान म्हणाली. प्लॅस्टिकच्या फुलांना देठ बसवून तीच घर चालवत होती.

"थोडी कळ सोस."

"मी सोसते हो. पोरगी तापाने फणफणलीय, तिला सांगा."

कामतोंग पोरीच्या उशाशी जाऊन बसला. माफी लिहायची म्हणजे संपापायी तुरुंगात गेलेल्या मित्रांशी बेइमानी. न लिहावी आणि चीन आलाच नाही, तर पोरीला खायला काय घालायचं? रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

एक तारखेला सकाळी रेडिओने सांगून टाकलं: करारानुसार सीमेपलीकडून पाणी सुटलं.

तो तडक लेउंगदादांकडे गेला. ते चीनच्या राष्ट्रीय दिनासाठी दारावर लाल झेंडा ठोकत होते.

"दादा, पाणी सोडलं."

"वरच्यांचं काही धोरण असेल."

"कसलं धोरण? इंग्रजांकडून रोकडा मोजून घेतात. मग आम्हाला संपावर कशाला बसवलंत?"

"हळू बोल," दादा म्हणाले आणि पुन्हा खिळ्याकडे वळले.

कामतोंगला संतापाने रडू येत होतं. डोळे पुसत तो डेपोकडे धावला. खिडकीपुढे रांग होती. युनियनचेच लोक, पण कोणी कोणाकडे बघेना. बाराच्या आत त्याचा नंबर लागला. त्याने माफीपत्रावर सही केली.

"इतके दिवस होता कुठे?" कारकून माकने विचारलं.

"घरीच. पलीकडचे येतील म्हणून वाट बघत होतो."

माकने साहेबाच्या बंद दाराकडे एक नजर टाकली.

"आम्हीही," तो हळूच म्हणाला. "साहेबाने तर सामान बांधून ठेवलं होतं. आज सकाळी रेडिओ ऐकून परत सोडलं."