तटलेला पान्हा

"अगं, पाज की तिला! रडून रडून पोरीचं नरडं फुटायची येळ आली," बळवंत कमरंचा पट्टा आवळत खेकसला.

"पाजतीयाच की."

"कुठं पाजतीयास? एका अंगाला घेतीस, न्हाय तोवर काढतीस. दूध नसंल तर तसं सांग. सांजच्याला पावडरीचा डबा आणतो."

अहिल्येनं पोरीला पुन्हा उजव्या अंगाला घेतलं. दूध नव्हतं कसं? दूध ढीग होतं, तेच तर दुखणं होतं. पण अवघड जागेचं दुखणं गड्यामाणसाला सांगायचं कोणत्या तोंडानं?

बळवंतानं मफलर गुंडाळला, जेवणाचा डबा उचलला आणि धुक्यात शिरला. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत तो शिपाई होता. बुराडीच्या अंगाला जाटांच्या गावात त्यानं एक खोली घेतलेली. दारापुढं मोहरीची रानं, पण माघाच्या त्या धुक्यात आपलाच हात आपल्याला दिसत नव्हता.

अहिल्या माणदेशातली. पोरगी इथंच, हिंदूरावच्या सरकारी दवाखान्यात झाली. पहिलटकरणीला माहेर असतं, शेकशेगडी असते, पाठीवर तेलाचा हात फिरवणारं कुणीतरी असतं. हिची आई दोन सालामागं गेलेली, सासू गुडघ्यानं अधू. दवाखान्यातनं आल्यापास्नं चार भिंती, ती आणि पोरगी.

पोरगी नुसतं बोंड धरून ओढायची. ओढून ओढून डाव्या बोंडाला चीर पडली. तोंड लागलं की कळ थेट मस्तकात जायची. मग अहिल्या डावं अंग चुकवायला लागली. न पाजलेला पान्हा आतल्या आत तटत गेला. थान दगडावानी झालं, वर तांबडा चट्टा उठला, अंगात कणकण भरली. पदर घासला तरी जीव जायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुपारी धुकं फाटून पिवळं ऊन पडलं. अंगणात घरमालकीण म्हशीखाली धार काढत बसली होती; भरपाई तिचं नाव. हाडापेराची, घागऱ्यातली जाटीण. तिचं हरियाणवी बोलणं अहिल्येला पाखराच्या कलकलाटावानी वाटायचं. रडती पोर काखेला मारून अहिल्या भिंतीला धरत बाहेर आली.

"के होया, बहू?" भरपाईनं मान वर करून विचारलं.

अहिल्येनं तोंड उघडलं. पण शब्द कुठला आणायचा? जो शब्द मराठीत कधी चारचौघीत काढला नाही, तो परक्या बोलीत कुठनं सुचणार! तिनं म्हशीच्या कासेकडं बोट केलं. मग आपल्या छातीकडं. मग खाली बसून पायरीच्या धोंड्यावर बोटानं ठकठक केलं, आणि तिथंच हमसून रडायला लागली.

भरपाई हसली नाही. चरवी बाजूला सारून उठली, तिला खोलीत नेऊन कडी लावली आणि पदराखाली हात घातला.

"हाय राम! दूध जम ग्या सै. बावळी, पहल्यां क्यूं ना बताई?"

तिनं पाणी ऊन केलं, फडकं पिळून थानावर ठेवलं, बोटांच्या पेरांनी काखेकडनं बोंडाकडं हळूहळू हात फिरवला. मग पोरीला उचलून डाव्या अंगाला धरलं.

"नको! नको ओ मावशी!" अहिल्या मागं सरली.

"ना डर. इसका मुँह पूरा खुलण दे."

तिनं पोरीचं पोट अहिल्येच्या पोटाला भिडवलं. पोरीनं टाहो फोडायला आ वासला, तशी नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तिच्या तोंडात गेला. अहिल्येनं दातांवर दात आवळले, टाचा जमिनीला घासल्या. "आई गंऽ!" पण कळ आली तशी ओसरली. पोरगी गुटुक गुटुक गिळायला लागली. गालांवरनं दूध ओघळलं. बांध फुटून वाफ्यात पाणी सरावं तसं थान सैल पडत गेलं.

शेवटी भरपाईनं दुधाचाच थेंब चिरेला लावला आणि वाळू दिला. "ताप ना उतरा तो तड़कै अस्पताल," असं उद्या सकाळीच दवाखाना गाठायचं बजावून ती शेणाच्या पाटीकडं वळली.

अहिल्या उन्हात पायरीवर बसली. मांडीवर पोरगी गाढ झोपलेली. भरपाई भिंतीला थपाथप गोवऱ्या लावत होती, आणि अहिल्येचं तोंड आपसूक सुटलं.

"मावशी, माझी आई ऱ्हायली असती तर आज हितं असती बघा. तिच्या हातात असाच गुण हुता. डिंकाचं लाडू करायची. म्हणायची, तुझं पहिलं बाळंतपण मी करणार... तिला न्हेलं तवा मी हितंच हुते, मावशी. तोंडबी बघाय मिळालं न्हाई. धनी दीस दीसभर बाहेर. मी भिताडाशी बोलते, पोरीशी बोलते..."

"हां बहू, हां," भरपाई गोवरी थापत म्हणायची. तिला एक अक्षर कळत नव्हतं. अहिल्येलाही ते ठाऊक होतं, तरी ती बोलत राहिली. ऊन भिंतीवरनं वर चढलं, मोहरीच्या पिवळ्यावर पुन्हा धुकं उतरायला लागलं, तेव्हा कुठं ती थांबली.

भरपाईनं शेणाचे हात धूत विचारलं, "के कहवै थी, बहू?"

अहिल्येनं येईल तेवढी हिंदी मनात चाचपली. आईचं मरण त्यात बसत नव्हतं. ह्या पायरीवर हलकं झालेलं मनही बसत नव्हतं.

"कुछ नहीं," ती म्हणाली. "ठंड बहुत है."

"हां," भरपाई म्हणाली, "ठंड तो सै."